रुमालाखालचा सहा

पाडव्याचे गुळाचे सौदे उरकले
की मैदानात लोखंडी पाइप उभे राहतात,
निळी ताडपत्री चढते,
आणि मुंडगोडची माणसं येतात स्वेटर घेऊन.
कोल्हापुरात थंडी असते कुठं एवढी?
पहाटे रंकाळ्यावर चालणाऱ्यांपुरती
आणि माझ्या आईच्या गुडघ्यांपुरती.

देचेनबाई सतरा वर्षं तोच कोपरा धरून आहे.
"मी कालच आलो," म्हणते,
आमच्या पेठेतल्या बाया म्हणतात तसंच.
मी गुळाच्या अडतीत तोलाईदार.
तीस किलोचा रवा नुसता बघून सांगतो, पाव किलो कमी आहे.
"आज्जीपण असंच सांगायची," ती म्हणाली,
"चहाचं."

चहाच्या विटा. बांबूच्या सालीत बांधलेल्या.
हमाल त्या पाठीवर घेऊन डोंगर चढायचे,
टेकायची काठी दगडात रुतून रुतून
दगडाला भोकं पडलेली.
मग गावात ती वेष्टणं उसवायची,
याकच्या कातड्यात पुन्हा शिवायची,
आणि पुढं ल्हासाकडं.
उसवणारे चिनी, शिवणारे तिबेटी,
आणि मधल्या अंगणात दोघांना जेवू घालणारी
आज्जीची आई. तिची धर्मशाळा होती.
भांडण तीच लावायची, तीच मिटवायची, दलाली घ्यायची.
नवरा चहावाला, चिनी.
आज्जीला त्यामुळं दोन नावं.
गावालाही दोन: दार्त्सेंदो, ताचिएनलू,
आणि आता नकाशावर तिसरंच.

"दोन नद्या गावात मिळतात," देचेनबाई सांगते,
"एवढा आवाज, एवढा आवाज,
की सगळे ओरडूनच बोलतात."
आमची पंचगंगा बिचारी गप्प असते,
तरी आम्ही तसेच, मी म्हणालो.
ती हसली. "मी बघितलो नाही ते गाव.
आज्जी सांगायची तेवढंच."

आईला मरून रंगाचा हवा होता, पुढं बटणांचा.
साडेसातशे, ती म्हणाली.
मी थट्टेनं खांद्यावरचा रुमाल काढला,
बैलबाजारात टाकतात तसा हातावर टाकला,
आणि म्हटलं, घाल हात.

तिनं घातला.
थट्टा तिथंच संपली.
बोटं तिची कोरडी, सुई टोचून टोचून निबर,
आणि त्यांना सगळं येत होतं.
मी चार दाबली. तिनं झटकली.
मी पाच. ती थांबली.
शेजारचा टोपीवाला पोरगा चहा फुंकायचा विसरला.
पाचापर्यंत आमचं बरोबर जुळत होतं,
पाचापर्यंत कुणाचंही जुळेल.
मग तिनं माझ्या तळव्यावर
अंगठा आणि करंगळी ताणून टेकवली,
मधली तिन्ही मुडपलेली.
हे काय? आमच्यात असं नाही.
"सहा," ती म्हणाली, रुमालातून हात न काढता.
"हे चिनी. पणजोबाचं."
आणि मग थोडं थांबून,
"घरात त्यांचं एवढंच राहिलंय."

आता सहाला नाही कसं म्हणणार?
दिले सहाशे.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो, बाह्या लांब होत होत्या.
देचेनबाईनं स्टूल पुढं केलं, "बा अव्वा, कुंद्रु."
आई निपाणीकडची.
लग्न होऊन या घरात आली
तेव्हापासून तिचं कन्नड देवघरात, पुटपुटण्यापुरतं.
आणि आता ताडपत्रीखाली
दोघी एकमेकींना ऊस, जावई, गुडघे, सगळं सांगत सुटलेल्या,
मी पिशवी धरून उभा, एक अक्षर कळत नाही.
तासाभरानं रिक्षात बसताना आई म्हणाली,
"कुठली तिबेटची घेऊन बसलाईस?
आमच्याकडचीच की ती."
बाह्या तशाच राहिल्या. दुमडून घालते.

सकाळी वखारीत सहा रवे हवे होते.
यंत्राचा खडखडाट, हाक पोचेना,
म्हणून मी लांबून हात वर केला,
अंगठा आणि करंगळी ताणून.
भैरू हमाल पाठीवरचं ओझं सावरत ओरडला,
"मालक, सकाळ सकाळ
फोन कुणाला लावताय?"